प्रश्न तुमचे: महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्यांसाठी

गेल्या अंकात आम्ही विद्यार्थी विकास अधिकारी, वसतिगृहांचे रेक्टर, समुपदेशक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी यांच्याकडून प्रश्न मागवले होते. पत्रे निरनिराळ्या गावांची असली तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे: काम अंगावर पडले, पण ते कोणत्या कागदाच्या आधारे करायचे हे कोणी सांगितले नाही. म्हणून या वेळी शक्य तिथे उत्तराबरोबर त्या कागदाचेही नाव दिले आहे.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. जूनमध्ये प्राचार्यांनी मला बोलावून ‘यंदापासून विद्यार्थी विकास तुम्ही पाहा’ असे सांगितले. पत्र दिले नाही आणि तासिकाही कमी केल्या नाहीत. हे काम माझ्या पदोन्नतीत धरले जाईल का?

धरले जाईल, पण तुम्हाला वाटते तितके नाही, आणि पत्राशिवाय तर मुळीच नाही.

आधी या पदाविषयी थोडेसे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि विद्यापीठांत जे ‘विद्यार्थी कल्याण’ होते त्याचे ‘विद्यार्थी विकास’ झाले. फलक बदलले, शिक्के बदलले. महाविद्यालयाच्या पातळीवर मात्र हे काम आजही कोणातरी शिक्षकाच्या मूळ कार्यभारावर ठेवलेले जादा ओझेच आहे. त्यासाठी वेगळी भरती होत नाही आणि वेगळी वेतनश्रेणीही नाही. त्यामुळे या कामाची नोंद कुठे होते ते ज्याचे त्यानेच पाहावे लागते.

पदोन्नतीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम पाहा. त्यांत शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनाचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला अध्यापनाचा: नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतल्या तर ‘चांगला’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर ‘समाधानकारक’ आणि त्याखाली ‘असमाधानकारक’. दुसऱ्या भागात इतर कामे येतात. त्यांत प्रशासकीय जबाबदाऱ्या, वसतिगृहाची व्यवस्था, परीक्षेचे काम, तसेच विद्यार्थी मंडळे, करिअर मार्गदर्शन, सांस्कृतिक उपक्रम, क्रीडा, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना अशा विद्यार्थ्यांशी संबंधित कामांचा स्पष्ट उल्लेख आहे. यांपैकी किमान तीन कामांत सहभाग असेल तर ‘चांगला’ आणि एक-दोन असतील तर ‘समाधानकारक’.

आता यातली मेख लक्षात घ्या. एकूण श्रेणी ‘चांगली’ मिळण्यासाठी अध्यापन ‘चांगले’ असावे लागते, पण दुसऱ्या भागात ‘समाधानकारक’ असले तरी चालते. म्हणजे तुम्ही वर्षभर रात्रंदिवस विद्यार्थी विकास पाहिला किंवा परीक्षेच्या दोन समित्यांवर नुसते नाव ठेवले, तरी हिशेबात फरक पडत नाही. उलट युवक महोत्सवासाठी संघ घेऊन आठवडाभर बाहेर राहिलात आणि बुडालेल्या तासिका भरून काढल्या नाहीत, तर पहिला भाग ८० टक्क्यांखाली घसरू शकतो, आणि ज्या कामासाठी तुम्ही घसा कोरडा केला तेच काम तुमच्या श्रेणीला बाधते. ही रचना मला अन्यायाची वाटते. ती बदलेपर्यंत शहाण्याने प्रत्येक बुडालेली तासिका भरून काढावी आणि तिची तारखेसह नोंद ठेवावी, हे बरे.

म्हणून तीन गोष्टी या आठवड्यातच करा. पहिली, प्राचार्यांना नम्रपणे लेखी विनंती करून नियुक्तीचे पत्र घ्या. त्यात कालावधी लिहिलेला असला पाहिजे. दुसरी, प्रत्येक उपक्रमाचे परिपत्रक, उपस्थितीपत्रक, छायाचित्र आणि एका पानाचा अहवाल त्याच दिवशी फाइलला लावा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य व प्रगती हाच आहे. ती फाइल तुमच्या हाती असेल तर मूल्यांकनाच्या वर्षी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष तुमच्या दारी येईल, आणि तासिका कमी करून मागण्याची खरी वेळ तीच असते. तिसरी, विद्यापीठाकडून उपक्रमासाठी येणारे अनुदान उशिरा येते म्हणून स्वतःच्या खिशातून खर्च करू नका. कार्यालयाकडून अग्रिम घ्या, पावत्या संस्थेच्या नावाने घ्या आणि उपक्रम संपल्यापासून पंधरा दिवसांत हिशेब देऊन टाका. मी स्वतः एका वर्षी मंडपवाल्याचे बिल खिशातून भरले होते. ते पैसे हातात पडेपर्यंत ती तुकडी पदवीधर होऊन गेली होती.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि तेथील मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टरही आहे. प्रथम वर्षाच्या मुलांना रात्री गच्चीवर उभे करतात आणि त्यांच्याकडून सबमिशनच्या फाइली लिहून घेतात, हे मला खात्रीने कळले आहे. मुले तक्रार द्यायला तयार नाहीत. वरिष्ठ म्हणतात की आपापसात मिटवा. मी काय करावे?

मिटवू नका. मिटवण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही आणि तुमच्या वरिष्ठांकडेही नाही.

सबमिशन लिहून घेणे ही गंमत आहे असे अनेक प्राध्यापकांनाही वाटते, कारण त्यांनीही कधीकाळी कोणाचे तरी लिहून दिलेले असते. आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत कनिष्ठ विद्यार्थ्याकडून स्वतःचे शैक्षणिक काम करून घेणे हे रॅगिंगच्या व्याख्येतच घातलेले आहे. घटनेची माहिती मिळताच त्यात फौजदारी गुन्हा घडला आहे का हे संस्थाप्रमुखाने तत्काळ ठरवायचे असते, आणि घडला असल्यास माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत प्राथमिक माहिती अहवाल दाखल करायचा असतो. ‘माहिती’ या शब्दाकडे लक्ष द्या. पीडित मुलाची सही असलेला अर्जच हवा अशी अट तिथे नाही.

दुसरा आधार आपल्या राज्याचा आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार विद्यार्थी, त्याचे पालक किंवा संस्थेतील शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार करू शकतो. तुम्ही रेक्टर आहात आणि शिक्षकही आहात, हे इथे फार उपयोगी पडते. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरलेल्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. जो प्रमुख तक्रारीवर कारवाई करण्यात कसूर करतो, त्याने रॅगिंगला साहाय्य केले असे कायदा मानतो आणि त्यालाही तीच शिक्षा सांगतो. हे कलम छापून, वाद न घालता, तक्रारीच्या अर्जाला जोडा. माझ्या अनुभवात ‘आपापसात मिटवा’ ही सूचना त्यानंतर पुन्हा ऐकू येत नाही.

मुलांचे नाव पुढे येऊ न देता त्यांना स्वतः बोलता यावे यासाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. तिचा फलक कार्यालयाबाहेर लावून उपयोग नाही. तो गच्चीच्या जिन्यात, न्हाणीघराच्या दारात आणि मेसमध्ये लावा. रॅगिंगविरोधी पथकाला दुपारी नव्हे, रात्री साडेअकराला बोलवा. प्रथम वर्षाच्या मुलांची निवासव्यवस्था वेगळ्या इमारतीत किंवा निदान वेगळ्या मजल्यावर करण्याची मागणी याच अर्जात करून ठेवा. अशी वेगळी व्यवस्था विनियमांनाही अपेक्षित आहे.

प्रश्न : मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली असून चार वर्षे एका संस्थेत किशोरवयीन मुलांसाठी काम केले आहे. महाविद्यालयांत आता समुपदेशकांची भरती होणार असे ऐकते. यात खरे किती?

खरे बरेच आहे, आणि या पत्रांतील खरी बातमी हीच आहे.

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीचा जुलै २०२३ मध्ये वसतिगृहात मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी तपास सीबीआयकडे द्यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २५ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने तपास सीबीआयकडे सोपवलाच, शिवाय देशातील सर्व शिक्षणसंस्था, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी पंधरा निर्देशही दिले. कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत. त्यांपैकी तुमच्या कामाचा निर्देश असा: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, आणि त्या व्यक्तीचे बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याविषयी प्रशिक्षण झालेले असावे. याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, हाही एक निर्देश आहे.

न्यायालयाने ‘सामाजिक कार्यकर्ता’ हा शब्द घातल्यामुळे तुमच्यासारख्यांना दार उघडले आहे. अनेक संस्थाचालक ‘मानसशास्त्राचीच एम.ए. हवी’ म्हणून अर्ज परत करतात, तेव्हा हा निर्देश त्यांना दाखवता येईल. मात्र आपण समुपदेशक आहोत, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नव्हे, हे भान ठेवा. त्या पदनामासाठी वेगळे प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, आणि निदान करणे हे आपले काम नाही. ‘किशोरवयीनांविषयीचे प्रशिक्षण’ ही अट तुमच्या चार वर्षांच्या अनुभवाने आपोआप पूर्ण झाली असे समजू नका. त्या कामाचे तपशीलवार प्रमाणपत्र संस्थेकडून घ्या आणि नसेल तर एखादा मान्यताप्राप्त अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करा.

नेमणुका बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने होतील, असा माझा अंदाज आहे. एकाच गावातील तीन-चार छोट्या महाविद्यालयांनी मिळून एक समुपदेशक ठेवणे हाही व्यवहार्य मार्ग आहे, आणि तो प्रस्ताव तुम्ही स्वतः घेऊन गेलात तर बिघडत नाही. करारावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्या: बसायला दार बंद होणारी स्वतंत्र खोली, आणि शिस्तपालन समितीवर तुमचे नाव नसणे. सकाळी ज्याने मन मोकळे केले त्याच मुलाच्या निलंबनाच्या कागदावर दुपारी सही करायची वेळ आली, तर त्या खोलीत पुन्हा कोणी येणार नाही. मुलाने सांगितलेले गोपनीय ठेवण्याचे बंधन आहे, पण जिवाला धोका दिसत असेल तर गप्प बसायचे नसते. हा फरक मुलाला पहिल्याच भेटीत समजावून सांगा. तुम्ही नसाल त्या वेळेसाठी १४४१६ हा टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक वसतिगृहात ठळक अक्षरांत लावून घ्या. तोही न्यायालयाचाच निर्देश आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीवर माझी नेमणूक झाली. निकाल किती दिवसांत द्यायचा?

कामाच्या १५ दिवसांत. आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार समितीने त्या मुदतीत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. तो न पटल्यास विद्यार्थ्याला पुढील १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते आणि लोकपालाने ३० दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील किमान एक व्यक्ती आहे ना, तसेच विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून बोलावला आहे ना, हे पहिल्याच बैठकीत पाहा. लैंगिक छळाची तक्रार आली तर ती या समितीत उघडूही नका. ती बंद लिफाफ्यात अंतर्गत समितीकडे गेली पाहिजे.

प्रश्न : सहा वर्षे कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केल्यावर मला हाच व्यवसाय करावासा वाटतो. अमेरिकेत ‘स्टुडंट अफेअर्स’ या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते असे कळले. जावे का? — ठाण्याचे एक वाचक

आपल्याकडे जे जादा काम आहे ते तिथे शंभर वर्षांहून जुने, रीतसर शिकवले जाणारे क्षेत्र आहे. या व्यावसायिकांची ‘नॅस्पा’ ही संघटना १९१९ ची आणि ‘एसीपीए’ १९२४ ची. १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने एक छोटे निवेदन प्रसिद्ध करून असे मांडले की, महाविद्यालयाने विद्यार्थ्याची केवळ बुद्धी नव्हे तर सगळा माणूस घडवायचा असतो. त्या विचारावर पुढे वसतिगृह, अभिमुखता, समुपदेशन, करिअर, आचारसंहिता असे वेगवेगळे विभाग आणि त्यांत चढत जाण्याची पदे उभी राहिली.

या अभ्यासक्रमांचे आकर्षण म्हणजे सहायकवृत्ती. विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा विद्यार्थी कार्यालयात काम करायचे आणि त्याबदल्यात शुल्कमाफी व विद्यावेतन मिळवायचे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. सहायकवृत्तीचे पत्र हातात असेल तरच जा. कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारणे अशी. हा विषय साधारणपणे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत येत नाही, त्यामुळे पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची. अभियंत्यांना मिळते तशी दोन वर्षांची वाढ नाही. आपल्या मुलांना सर्वांत ओळखीचे वाटणारे पद म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे सल्लागार. पण व्हिसाच्या शासकीय संगणकप्रणालीत नोंदी करणारा अधिकारी हा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच असावा लागतो, आणि या पदांच्या अनेक जाहिरातींत ती अट असते. म्हणजे जे काम तुम्ही अनुभवाने उत्तम कराल तेच बहुधा मिळणार नाही. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून सूट आहे, ही जमेची बाजू. मात्र सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले आहे. तिथे शिकून तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलणे आणि ठाण्यातून थेट नोकरी शोधणे यांत त्यामुळे मोठा फरक पडला. निवासव्यवस्था, विद्यार्थी संघटना, सेवाकार्य या विभागांकडे लक्ष द्या. राष्ट्रीय सेवा योजनेची दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही रचना तिथल्या मुलाखतीत अंकांसह सांगा. शंभर स्वयंसेवकांचे एकक एकट्याने सांभाळले याचे मोल त्यांना कळते.

प्रश्न : आमच्याकडे ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलांना कार्यालयात चहा आणायला आणि खुर्च्या उचलायला लावतात. हे योग्य आहे का?

नाही. ‘नॅस्पा’ अमेरिकेत निघाली त्याच वर्षी, म्हणजे १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्या त्या संस्थेत मुले खडी फोडत, शेत नांगरत आणि विहीर खणत, हे खरे. पण ते काम संस्थेचे होते, कोणा साहेबाचे नव्हते, आणि त्याची लाज कोणी वाटून घेत नसे. खुर्च्या उचलणे कमीपणाचे नाही. शिपायाची रिकामी जागा वर्षानुवर्षे या मुलांवर भागवणे हे मात्र चूक. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, संगणक कक्ष, छपाई असे काही शिकवणारे काम द्या, तासांची नोंद मुलाच्याच हातची ठेवा आणि परीक्षेच्या महिन्यात तास कमी करा.

प्रश्न : महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहतात आणि शेवटी मुले आमच्याशी भांडतात. विद्यार्थी विकास अधिकाऱ्याने यात पडावे का?

पडावे, कारण शिष्यवृत्ती अडली की वसतिगृह सुटते आणि मग शिक्षणही. छाननी करणारा लिपिक एक आणि अर्ज शेकडो, ही तुमच्याकडची स्थिती नवी नाही. ज्या चुकांमुळे अर्ज परत येतात त्या ठरावीक असतात: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली, नावात आणि आधारमध्ये फरक, बँक खाते आधारशी न जोडलेले, नूतनीकरणाऐवजी नवा अर्ज भरलेला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. त्यामुळे प्रवेशाच्या खिडकीवरच मुलीकडून पूर्ण शुल्क मागितले जात नाही ना, हेही पाहा. दर शुक्रवारी दुपारी लिपिकाशेजारी बसून प्रलंबित अर्जांची यादी काढा. ती फलकावर लावू नका, तीत मुलांचे प्रवर्ग असतात. एकेकाला फोन करा आणि सोमवारी कोणता कागद घेऊन यायचा ते सांगा.